सदतीस पावलांचं गणित

खैरखिंडीत माणसं राहतात किती, या प्रश्नाला पूर्वी तीन उत्तरं होती. मतदार यादीतलं, रेशनकार्डांवरचं आणि जत्रेच्या जेवणावळीतलं. तिन्ही खोटी होती आणि तिन्हींवर गाव सुखानं चाललं होतं.

माणदेशाच्या कडेला, माळावर पसरलेलं हे गाव. मधे पेठ, उत्तरेला खिंड, दक्षिणेला कोरडा ओढा आणि आजूबाजूला पाच वाड्या. या सगळ्याची मोट बांधून सरकारनं पंधरा वर्षांपूर्वी नगरपंचायत केली. डाळिंब आणि द्राक्षं हे गावाचं पीक, पण खरी कमाई गलाईची. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम करायला इथली माणसं सेलमला गेली, कोचीला गेली, पार गुवाहाटीपर्यंत पोचली. तिकडून त्यांनी गावात तीनमजली बंगले बांधले आणि बंगल्यांना कुलपं लावली. कुलपं नसतील तिथं ओसरीवर एक म्हातारी आणि एक कुत्रं. बागेतली कामं करायला बिहार-झारखंडची माणसं आली आणि शेडमधून राहू लागली. त्यांना गावकरी माणसांत धरत नसत. पण जनगणनेला मास्तर दारात आला, की हीच म्हातारी बोटांवर मोजत सेलमच्या लेकाला, कोचीच्या नातवाला आणि अजून न झालेल्या पणतवाला घरातच राहतात म्हणून सांगायची. त्यात तिला लबाडी वाटत नसे. लेकरं आपली, घर आपलं, मग ती घरातच नाहीत का?

मालन देवकर हे सगळं ओळखून होती. गावच्या शाळेत ती अठ्ठावीस वर्षं शिकवत होती आणि दोन जनगणनांत तिनं अशाच म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून रकाने भरले होते. तिच्या स्वतःच्या घरात सासू हौसाबाई आणि ती, अशा दोघीच. नवरा दिनकर सव्वीस वर्षं सेलमला. जत्रेला आठ दिवस यायचा, त्यातले तीन दिवस मोबाईलवर सोन्याचा भाव बघण्यात जायचे.

मग पाऊलगणना आली.

यंत्र नवं होतं, पण तार जुनी होती. घरोघरी इंटरनेट द्यायला सरकारनं गल्लीगल्लीतून काचतंतूची केबल पुरली होती, ती थेट उंबऱ्यापर्यंत आलेली. काचेच्या या केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाचा झोत सोडला, की काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला किंचित प्रकाश मागं परततो. जमिनीवर पाऊल पडलं, की खालची काच जराशी ताणली जाते. इतकी जराशी, की केसाचे लाख उभे तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढी. पण तेवढ्यानं परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. केबलच्या एका टोकाला बसवलेली कपाटाएवढी पेटी ही लय सेकंदाला हजार वेळा वाचते. म्हणजे गावाखालचा प्रत्येक मीटर हा एक कान झाला.

आणि प्रत्येकाची चाल निराळी. वजन, टाचेचा दाब, दोन पावलांतलं अंतर, कुठला गुडघा धरतो, कुठला पाय ओढला जातो, यांचा मेळ दोन माणसांत सहसा जुळत नाही. यंत्र नाव विचारत नसे. ते चालीला नंबर द्यायचं. गुरं चार पायांची म्हणून वगळायचं, गाड्या चाकांच्या म्हणून. फेब्रुवारीच्या पहिल्या एकवीस दिवसांत ज्याची चाल सलग दहा दिवस गावात उमटली तो रहिवासी, बाकीचे पाहुणे. काही हुशारांनी परगावच्या लेकांच्या चपला घालून फेऱ्या मारून बघितल्या. यंत्रानं तीच माणसं तीच म्हणून मोजली.

अंथरुणाला खिळलेल्यांची पावलं कुठून येणार? त्यांच्यासाठी 'अचल' म्हणून वेगळी यादी होती. प्रगणकानं घरी जाऊन माणूस डोळ्यांनी बघायचा आणि सही करायची. ते काम मालनकडं आलं. गावात दोनशे बारा अचल निघाले. त्यात हौसाबाईही होत्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवर होत्या.

जानेवारीत रंगीत तालीम झाली आणि गावाचं पितळ उघडं पडलं. कागदावर पंधरा हजारांची खैरखिंड प्रत्यक्षात नऊ हजार नऊशे सहासष्ट भरली, तीही शेडमधल्या बिहारी पावलांसकट. नवा नियम दहा हजारांचा होता. त्याखाली गेलं, की नगरपंचायत मोडायची, वाड्या सुट्या करायच्या आणि तीस खाटांचा दवाखाना, वरचे वर्ग, धरणावरून येणारी पाण्याची लाईन हे सगळं शेजारच्या मोठ्या गावाला जोडायचं. ज्यांना गाव सोडून जाता आलं नव्हतं, त्यांच्या तोंडचं पाणी पळवायची ही सोय. तूट होती चौतीस माणसांची.

तालमीतच एक गोष्ट घडली. भिकूनाना खिलारे वारले. यंत्राशी बसणारी मिरजेची नौशीन तांबोळी नावाची मुलगी होती, हुशार आणि हसरी. तिनं मालनला बोलावून पडदा दाखवला.

"बाई, गंमत बघा. नाना गेले तेव्हा आकडा एकानं उतरला आणि दुसऱ्या दिवशी एकेचाळीसनं चढला. सगळी दहाव्यापर्यंत राहिली, मग गेली, म्हणून मी तालमीच्या आकड्यातून काढली. खऱ्या गणनेत असती तर सगळी रहिवासी!"

नौशीन हसली. मालनही हसली. दारातून नगराध्यक्ष पोपटराव खिलारे आत येत होते. मेलेले नाना त्यांचे चुलते. ते मात्र हसले नाहीत. पडद्याकडं बघत त्यांनी खुर्ची ओढली.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात. खैरखिंडीत तो त्या दुपारी सोकावला.

दुसऱ्या दिवशी पोपटराव मधल्या सुट्टीत शाळेत आले.

"मालनबाई, ती तुमची अचलांची यादी हाय न्हवं, तेवढी बघाय मिळंल का?"

"कशाला?"

"नुसती म्हाईती. कोण कितपत हाय, मागं लेकरंबाळं किती, कुठं असत्यात. उद्या कुणाचं काय बरंवाईट झालं तर गावानं तयारी ठिवाय नको? मांडव, पाणी, झोपायची सोय. लोकं दहा दिस टिकली पायजेत."

"अण्णा, हे बोलणं बरं हाय का?"

"बरं न्हाईच." पोपटराव खाली बघून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. "तुमच्या वर्गात किती पोरं हायती?"

"एकोणतीस."

"त्यास्नी उद्या अकरा किलोमीटर कोण न्हेणार? मी कुणाला मारा म्हनत न्हाई, बाई. मरणारं माणूस थांबत न्हाई. नुसतं गावाचं भलं बघून मेलं तर काय बिघडलं?"

मालननं यादी काढली. नावासमोर तब्येत लिहिली, मग लाल पेनानं येणाऱ्या माणसांची संख्या. सुरुवातीला हात अडखळला, विसाव्या नावानंतर अडखळेना. हेच भय असतं रकान्यांचं. हौसाबाईंच्या ओळीत तिनं जागा कोरी सोडली. पोपटरावांनी बोट ठेवलं.

"पाच लेक, दोन लेकी, सुना, नातवंडं... अडतीस. बराबर?"

"सदतीस," मालन म्हणाली. "धाकट्या दिरांची सून बाळंतीण हाय, ती न्हाई येणार."

बोलून झाल्यावर तिला आपल्या जिभेची शिसारी आली. पण आकडा पोपटरावांनी लिहून घेतला होता.

फेब्रुवारी उजाडला आणि गावातल्या आजाऱ्यांचे दिवस पालटले. दहा वर्षांत ज्यांच्या खाटेपाशी कुणी फिरकलं नव्हतं, त्यांना सकाळ-संध्याकाळ पाहुणे. हातात संत्री, तोंडात "कसं वाटतंय आता?" आणि उत्तर "बरं हाय" आलं, की चेहरा पडलेला. म्हातारी माणसं हरखली. कितीकांना त्या प्रेमानंच हुशारी आली. धनगरवाडीचे एक आजोबा तर सहा महिन्यांनी उठून बसले. दहा तारीख उजाडली तरी एकाही आजाऱ्यानं गावाचं ऐकलं नव्हतं. चौतीसची तूट चौतीसच होती. दहा दिवस भरायचे तर माणसं बारा तारखेला गावात पाहिजेत, हे आता शेंबडं पोरही सांगत होतं.

हौसाबाईंना नऊ तारखेला ताप आला होता. दहाला दुपारी डॉक्टरांनी छाती तपासली.

"कफ भरलाय, बाई. निमोनिया आहे. इथं ऑक्सिजन नाही टिकायचा. जिल्ह्याला हलवा. चार-पाच दिवसांत बऱ्या होतील, हृदय अजून चांगलं आहे. गाडी सांगू का?"

"सांगते," मालन म्हणाली.

डॉक्टर गेले आणि पाचच मिनिटांत पोपटराव आले. त्यांना कुणी सांगितलं हे मालननं विचारलं नाही. ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"न्हेताय?"

"न्ह्यायला पायजे."

"पायजेच." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "वय किती म्हनायचं काकूंचं?"

"शहाऐंशी."

"मी काय बोलत न्हाई, बाई. तुमची सासू, तुमचा इचार. गाडी उद्याला सकाळी बी मिळंल, आज बी मिळंल." ते उठले. "पोरं इच्यारत हुती शाळंचं काय हुणार म्हणून. मी म्हणलं, बाई हायत न्हवं."

मालन आत गेली. हौसाबाईंनी डोळे उघडले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण बोलणं साफ होतं.

"डॉक्टर काय म्हनला?"

"जिल्ह्याला न्या म्हणाले, आत्या."

"मग माझं त्ये हिरवं लुगडं काढ. ह्या चिंध्यांवर न्हेऊ नगंस. कवा निघायचं?"

मालननं कपाट उघडलं. हिरवं लुगडं वरच होतं, घडी करून. ते हातात घेऊन ती उभी राहिली. चौतीस. सदतीसमधून आत्यांचा एक वजा, छत्तीस. दोन वर उरत होते. तिनं हा हिशोब केला नव्हता, तो आपोआप झाला होता, आणि तो एकदा झाल्यावर तिला पुसता येईना. त्याच्या मागं दुसराही एक विचार होता, तो तर तिनं स्वतःपासूनही लपवला असता: सव्वीस वर्षं हे घर दोन बायकांनी झाडलं. एकदा तरी ते भरावं. एकदा तरी दिनकरनं दहा दिवस सलग या छपराखाली राहावं.

"आत्या, उद्या जाऊया का? समदी येणार हायत तुम्हाला बघाय."

"कोण समदी?"

"तुमची लेकरं. सेलमची, कोचीची, समदी."

हौसाबाईंनी तिच्याकडं टक लावून बघितलं. तोंडावर असा काही आनंद पसरला, की मालनला भिंतीकडं वळावं लागलं.

"खरं सांगतीस? मला बघाय?"

"व्हय."

"मग थांबू की गं! मी तिकडं दवाखान्यात आणि ती हिकडं, म्हंजी चुकामूक व्हायची. ठिव त्ये लुगडं. उद्याला नेसव."

गाडी अकरा तारखेला सकाळी नऊ वाजता दारात आली. हौसाबाईंना तेव्हा धाप लागली होती, तरी त्या हातानंच 'नको' म्हणाल्या आणि दाराकडं बोट केलं. लेकरं यायची होती. मालननं ड्रायव्हरला सांगितलं, "थोडं थांबा." तो तासभर थांबला, मग दुसरा पेशंट आला म्हणून निघून गेला. तिनं अडवलं नाही. साडेबाराला हौसाबाई गेल्या. शेवटपर्यंत नजर दाराला होती.

मालन खाटेशेजारी बसली आणि मोठ्यांदा रडली. ते रडणं खरं होतं. त्यानंतर तिनं सगळ्यांना फोन लावले, तेही खरं होतं.

बारा तारखेला सकाळी घर भरलं. विमानानं, रात्रभरच्या गाड्यांनी, सदतीसच्या सदतीस आले. पोपटरावांनी मांडव घातला, टँकर लावला, शाळेच्या दोन वर्गांत गाद्या टाकल्या. अख्खं गाव मौतीला होतं. एवढी गर्दी आमदाराच्या वडलांच्या मौतीलाही नव्हती, असं लोक म्हणाले. हिरवं लुगडं मालननंच नेसवलं. मोठे दीर रघुनाथ हंबरडा फोडून रडले. नौशीन घरी आली, हात जोडले, आणि जाताना हळूच म्हणाली, "बाई, दहा हजार दोन होतील." मग तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण ती चप्पल घालायची विसरून चार पावलं गेली आणि परत आली.

दोन दिवस घर कसं घर वाटलं. पोरं जिन्यावरून धावत होती, सुना तमिळ सिरियलबद्दल बोलत होत्या, दिनकर ओसरीवर भावांत बसून लहानपणीच्या गोष्टी सांगत होता. मालन तीस भाकऱ्या बडवत होती आणि, देवाशपथ, सुखात होती. सुतकात असं वाटणं पाप आहे हे कळत असूनही.

चौदाला सकाळी राख सावडायला ओढ्यावर गेले, तर भटजी दोन पिशव्या जास्तीच्या घेऊन आलेले. रघुनाथनं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"दहावा, बारावा, तेरावा, समदं आत्ताच उरकून घेऊया. भटजीस्नी इच्यारलंय, चालतंय म्हणाले. लग्नसराई हाय, दुकानं बंद ठिवून चालायचं न्हाई. चार वाजता निघू."

पोपटराव पुढं झाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "रघूअण्णा, काय बोलताय? आईचं कार्य हाय. दहा दिस तरी..."

"आजकाल कोण थांबतंय, पोपटराव?"

"आमच्या भिकूनानाची समदी थांबली की दहा दिस!"

रघुनाथ जरासा हसला. "तुमची वाटणी व्हायची हुती, म्हणून थांबली. गट नंबर मोजून झाल्यावर अकराव्या दिशी एक तरी राहिला का? आमची वाटणी बाप असतानाच झालीय. आता काय राहिलंय हितं?"

पोपटराव मागं सरकले. साऱ्या गावाची समजूत होती, की माणसं दहाव्यासाठी थांबतात. काचेची तार पावलं मोजायची, पावलांची कारणं मोजायची नाही. ती कारणं गावाला ठाऊक असायला हवी होती. भटजींनी पिंड मांडले. कावळा लगेच शिवला. वर्षानुवर्षं वाट बघायची सवय असलेल्या बाईचा आत्मा आता कशाला अडून बसेल?

पुढं मार्चमध्ये निकाल लागला. नऊ हजार नऊशे पासष्ट. तालमीपेक्षा एक कमी, आणि तो एक कोण हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जूनपासून पाण्याची लाईन वळली आणि मालनच्या वर्गातली एकोणतीस पोरं टेंपोतून अकरा किलोमीटर जाऊ लागली. पोपटराव तिला रस्त्यात भेटले, की दुसऱ्या गल्लीला वळत. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, चौदा तारखेला, चार वाजता दारात सहा गाड्या उभ्या होत्या.

सुना पाया पडून गेल्या. पोरांनी हात हलवले. दिनकर मागं राहिला. बॅगेची चेन लागत नव्हती, तिच्याशी झटत होता.

"सकाळी डॉक्टर भेटला," तो मान वर न करता म्हणाला. "म्हनला, दहा तारखेलाच न्ह्या म्हणून सांगितलं हुतं. न्हेली असती तर वाचली असती म्हनला."

"व्हय."

"गाडी बी आलती म्हणं."

"व्हय. तासभर उभी हुती."

चेन लागली. दिनकरनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "मग का न्हेली न्हाईस गं आईला?"

मालनकडं बरीच उत्तरं होती. गाव होतं, शाळा होती, चौतीसचा आकडा होता. त्यातलं एकही तिच्या तोंडात आलं नाही.

"तुम्ही समदी याल म्हणून," ती म्हणाली.

बाहेर रघुनाथनं हॉर्न वाजवला. दिनकरनं बॅग खांद्याला लावली, घड्याळात बघितलं आणि उंबऱ्यावर क्षणभर थांबला. त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळूनही कळून घ्यायचं नव्हतं, हे मालनला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"मग आलो न्हवं?" तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसला.